बाळाचा आकडा

नाशिकच्या बहुतेक घरांत औषधांच्या डब्यात एक ऑक्सिमीटर अजून पडून असेल. सेल संपलेले असतात, काच धुरकटलेली असते, पण तो फेकवत नाही. २०२१च्या एप्रिलात फोन उचलला की लोक फक्त "किती आहे?" एवढंच विचारायचे. कशाचं किती, हे सांगावं लागत नसे. आकडा ९४च्या खाली गेला की घरादाराची धावपळ सुरू व्हायची. त्याच महिन्यात २१ तारखेला महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात टाकीतून द्रव ऑक्सिजनची गळती झाली, नळ्यांमधला दाब पडला आणि किमान २२ रुग्ण गेले. ऑक्सिजनची किंमत या शहराला पुस्तकातून शिकावी लागली नाही.

त्यामुळेच असेल, पण भाचीच्या बाळंतपणात मी तिच्या बोटावरच्या चिमट्याकडेच बघत बसले होते. आकडा ९८. पोटावर पट्ट्याने बांधलेल्या दोन चकत्या होत्या, एक कळांची नोंद घेणारी आणि एक बाळाच्या ठोक्यांची. कागदाची पट्टी सरकत होती. पहाटे कधीतरी कळ ओसरता ओसरता ठोके १४० वरून ९० वर उतरले, सावरले, पुढच्या कळेला पुन्हा उतरले. सिस्टरनी तिला डाव्या कुशीवर वळवलं. मी विचारलं, "सिस्टर, बाळाचा ऑक्सिजन किती आहे?"

"बाळाचा नाही कळत हो, मावशी. ठोक्यांवरूनच समजायचं."

तासाभरात सिझर झालं. बाळ बाहेर आलं ते खणखणीत रडतच. ते सिझर खरंच लागणार होतं का, हे आता कोणालाच सांगता येणार नाही, आणि डॉक्टरांनी थांबायला हवं होतं असं म्हणण्याची माझी हिंमत नाही. पण आईचा आकडा मिळतो आणि बाळाचा मिळत नाही, ही गोष्ट डोक्यातून जाईना. गेली काही वर्षं त्याविषयी जे मिळेल ते वाचत आले. हा आढावा त्यातलाच.

आधी बोटावरच्या चिमट्याचं. जपानच्या निहोन कोहदेन कंपनीतले अभियंते ताकुओ आओयागी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला वेगळंच काही करत होते. रक्तात रंगद्रव्य सोडायचं, कानाच्या पाळीतून प्रकाश पाठवायचा आणि रंग किती वेगाने विरतो यावरून हृदय किती रक्त ढकलतं ते काढायचं. नाडीचा प्रत्येक ठोका त्यांच्या आलेखात थरथर आणायचा. ती घालवण्यासाठी त्यांनी दोन तरंगलांबींचे प्रकाश एकमेकांशी ताडून पाहिले. थरथर गेली, पण रक्तातला ऑक्सिजन बदलला की पुन्हा उगवायची. आओयागींच्या लक्षात आलं की जिचा त्रास होतोय, तीच तर हवी आहे. ऑक्सिजनने भरलेलं रक्त तांबडा प्रकाश बऱ्यापैकी जाऊ देतं, रिकामं झालेलं रक्त तो गिळतं. अवरक्त प्रकाशाचं साधारण उलट. ठोक्यागणिक येणाऱ्या ताज्या रक्ताने दोन्ही प्रकाश किती बदलतात त्याचं गुणोत्तर घेतलं, की कातडी, हाड, मांस बाजूला पडतं आणि धमनीतल्या रक्ताचा आकडा उरतो. १९७२ची ही कल्पना. आओयागी २०२०च्या एप्रिलात वारले, जग त्यांच्या चिमट्यासाठी दुकानांपुढे रांगा लावत असताना.

मग हेच पोटातल्या बाळावर का करत नाहीत? कसारा घाट पावसाळ्यात गाडीने चढलेल्या माणसाला हे लवकर समजेल. धुक्यात हेडलाइट लावला की प्रकाश पुढे जात नाही, इकडेतिकडे विखुरतो आणि बराचसा आपल्याच डोळ्यांवर परत येतो. शरीर प्रकाशाला असंच आहे. साधारण ६५० ते ९५० नॅनोमीटरच्या पट्ट्यात पाणी आणि रक्त दोन्ही प्रकाश कमी गिळतात. १९७७ मध्ये फ्रान्स योब्सिस या शास्त्रज्ञांनी त्याच खिडकीतून मेंदूतल्या ऑक्सिजनचा मागोवा घेऊन दाखवला. पण खिडकी आहे म्हणून धुकं जात नाही. पोटावर एका जागी प्रकाश सोडायचा आणि काही सेंटिमीटर लांब ग्राहक ठेवायचा. वाट चुकत चुकत, केळ्यासारखा बाक घेऊन जे थोडे प्रकाशकण खोल जाऊन परत येतात ते टिपायचे. अंतर वाढवलं की प्रकाश खोलवर जातो, पण हाती येणारा प्रकाश झपाट्याने आटतो. आईची कातडी, चरबी, स्नायू, गर्भाशयाची भिंत, गर्भजल, आणि पलीकडे बाळ. वार पुढच्या बाजूला असली तर तीही मध्ये येते.

जो प्रकाश परत येतो त्यात दोन नाड्या मिसळलेल्या असतात. आपल्या नाशिक ढोलाच्या पथकासमोर उभं राहून फक्त ताशा ऐकायचा, तसं हे काम आहे. ढोल आईचा, मिनिटाला ८०च्या आसपास आणि दणदणीत. ताशा बाळाचा, ११० ते १६०, जलद आणि बारीक. लय वेगळी म्हणून तो निवडता येतो. शिवाय एक ग्राहक प्रकाशाच्या अगदी जवळ ठेवला की त्यात आईचाच ढोल येतो, आणि तो लांबच्या ग्राहकातून वजा करता येतो. तरी पेच राहतोच. आईची नाडी ७० असेल तर तिचा दुपटीचा पडसाद १४० वर येतो, नेमका ताशाच्या जागी. कळांमध्ये आईची नाडी, श्वास, पोटाचा ताण सगळंच हलत असतं. म्हणजे आओयागींना एकच थरथर पकडायची होती, इथे एक थरथर घालवून तिच्याआडची दुसरी पकडायची आहे.

आकडाही आपल्या ओळखीचा नाही. बाळंतकळांमध्ये निरोगी बाळाचा हा आकडा, म्हणजे रक्ताची ऑक्सिजन-संपृक्तता, साधारण ३० ते ७० टक्के असते. आपल्यापैकी कोणाचा आकडा इतका खाली गेला तर थेट अतिदक्षता विभाग. शरीरक्रियाशास्त्रज्ञ जोसेफ बारक्रॉफ्ट यांनी गर्भाच्या या अवस्थेची तुलना एव्हरेस्टशी केली होती. बाळ त्या उंचीवर तगतं, कारण त्याचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, ऑक्सिजन घट्ट पकडणारं, आणि मोठ्यांपेक्षा जास्त. बोटावरच्या चिमट्याचे ६६० आणि ९४० नॅनोमीटर इतक्या खालच्या आकड्यांना नीट चालत नाहीत. म्हणून बाळासाठी ७३५ आणि ८९० ची जोडी निवडली गेली.

ही जोडी एकदा प्रत्यक्ष प्रसूतिगृहात येऊन गेलेली आहे, आणि या विषयातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा धडा तिथलाच आहे. नेलकोर कंपनीच्या ऑक्सिफर्स्ट या यंत्राला अमेरिकेत २००० मध्ये परवानगी मिळाली. पाणमोट फुटल्यावर योनिमार्गातून पट्टी आत सरकवून ती बाळाच्या गालाला टेकवायची. पोटावरून नाही, पण बाळाचा खरा आकडा मिळायचा. मग मोठी चाचणी झाली, ५,३४१ पहिलटकरणींवर. पट्टी सगळ्यांना लावली, पण निम्म्या जणींचाच आकडा डॉक्टरांना दिसू दिला. निष्कर्ष २००६च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाले. आकडा दिसत होता तिथे सिझरचं प्रमाण २६.३ टक्के, झाकला होता तिथे २७.५. म्हणजे फरक नाही. बाळांच्या प्रकृतीतही नाही. यंत्र बाजारातून गेलं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खूप निराश झाले. नंतर वाटलं, त्या लोकांनी आपल्याला केवढ्या खर्चातून वाचवलं. ठोक्यांच्या यंत्राची अशी परीक्षा ते सगळीकडे पसरण्याआधी झालीच नाही. १९६०च्या दशकाच्या अखेरीस ते बाजारात आलं आणि बघता बघता प्रत्येक खाटेशी पोचलं. १९९६ मध्ये कॅरिन नेल्सन आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या दीड लाखाहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या. पूर्ण वजनाच्या ज्या बाळांच्या ठोक्यांच्या कागदी पट्टीवर धोक्याच्या खुणा होत्या, त्यांतल्या हजारातल्या साधारण दोघांनाच पुढे सेरेब्रल पाल्सी झाली. बाकीच्यांसाठी ती खोटी घंटा होती. यंत्र निरुपयोगी नाही, सततच्या नोंदीमुळे नवजात बाळांना येणाऱ्या झटक्यांचं प्रमाण कमी होतं. पण घंटा वाजली की हात सिझरकडे जातो, आणि जाणारच. भारतात २०१५-१६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सिझरचं प्रमाण १७.२ टक्के होतं, २०१९-२१च्या पाहणीत २१.५. सरकारी दवाखान्यांत १४.३ आणि खासगीत ४७.४. या दरीला एकटी ठोक्यांची पट्टी जबाबदार नाही, हे मला मान्य आहे.

पोटावरून मोजण्याचा प्रयत्नही २००० पासूनचाच. पेनसिल्व्हानियातल्या ब्रिटन चान्स यांनी निम्मी रामानुजम, डेव्हिड बोआस आणि इतरांसोबत दिवस भरत आलेल्या स्त्रियांच्या पोटावरून बाळाची नाडी प्रकाशाने टिपली. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या सोहेल घियासी यांच्या गटाने गाभण मेंढ्यांवर काम केलं. गर्भातल्या कोकराचा ऑक्सिजन मुद्दाम कमी करत न्यायचा, रक्ताचे नमुने घ्यायचे आणि पोटावरच्या यंत्राचा अंदाज त्यांच्याशी ताडायचा. दोन्ही बऱ्यापैकी जुळले. रेडिएंट ऑक्सिमेट्री ही अमेरिकी कंपनी असंच यंत्र माणसांसाठी घडवते आहे. अर्जुन योध यांच्या गटाने २०२२ मध्ये वेगळी वाट दाखवली. बाळाऐवजी वारेकडे बघायचं. सोनोग्राफीने वारेची जागा नक्की करायची आणि प्रकाशाने तिथल्या रक्तातला ऑक्सिजन मोजायचा. वार पुढे असलेल्या स्त्रियांमध्ये हे जमलं. जी अडचण होती तीच इथे सोय झाली. मला ही वाट जास्त आश्वासक वाटते, कारण बाळाच्या त्रासाची सुरुवात अनेकदा वारेतच होते, कळांच्या कितीतरी आधी.

आता आपल्याकडे. महाराष्ट्रातून या शोधाच्या जवळचं काम ठाण्यात झालं. बायोसेन्स कंपनीच्या मिश्किन इनगवले आणि त्यांच्या डॉक्टर-अभियंता मित्रांनी सुई न टोचता, बोटातून प्रकाश पाठवून हिमोग्लोबिन मोजणारं टचएचबी बनवलं. मुंबईजवळच्या पारोळ गावात बाळंतपणात झालेल्या मृत्यूची हकीकत त्यामागे होती. २०१२च्या टेड व्याख्यानात इनगवले यांनी तिसाहून अधिक फसलेल्या प्रयत्नांविषयी सांगितलं होतं. बाळाच्या आकड्याशी याचा संबंध फार जवळचा आहे. संपृक्तता म्हणजे प्रमाण. लासलगावच्या बाजारात आलेला प्रत्येक ट्रॅक्टर कांद्याने भरलेला आहे, एवढंच ती सांगते. ट्रॅक्टर किती आले हे सांगत नाही. हिमोग्लोबिन ७ असलेल्या बाईचा चिमटा ९८ दाखवेल, तरी तिच्या रक्तात ऑक्सिजन असेल तो हिमोग्लोबिन १२ असून ६० टक्के भरलेल्या रक्तापेक्षाही कमी. आणि २०१९-२१च्या पाहणीत भारतातल्या ५२.२ टक्के गर्भवतींमध्ये रक्तक्षय होता. आईचं रक्त पातळ असेल तर प्रकाशही वेगळा गिळला जाणार, म्हणजे गणितही बदलणार.

दुसरी गोष्ट रंगाची. २०२०च्या डिसेंबरात मिशिगनमधल्या डॉक्टरांनी दाखवलं, की चिमटा ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीतला खरा आकडा ८८च्या खाली, असं कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये ११.७ टक्के वेळा घडलं आणि गोऱ्यांमध्ये ३.६ टक्के वेळा. पोटावरच्या यंत्रात प्रकाश आईच्या कातडीतून दोनदा जातो, आत जाताना आणि बाहेर येताना. बाळाची कातडी अजून रंगायची असते, आईची रंगलेली असते. आधीच मिणमिणता असलेला प्रकाश सावळ्या पोटावर आणखी आटणार. असं यंत्र फक्त गोऱ्या बायकांवर जुळवून आपल्याकडे आलं, तर त्याचा आकडा आपल्या बाळांचा असणार नाही.

तिसरी गोष्ट अंतराची. नाशिक जिल्ह्यात सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवरून बाई निघते, घाट ओलांडते आणि जिल्हा रुग्णालयात पोचते तेव्हा कळा कधीच सुरू झालेल्या असतात. २०१७च्या ऑगस्टमध्ये याच जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात ५५ बाळं दगावल्याच्या बातम्या आल्या होत्या. दिवस न भरलेली, कमी वजनाची, उशिरा पोचलेली बाळं त्यांत बरीच होती. अशा ठिकाणी बाळाचा आकडा हवा तो सिझर टाळण्यासाठी कमी आणि कोणाला आत्ताच गाडीत बसवायचं हे ठरवण्यासाठी जास्त. २००६च्या चाचणीत हा प्रश्न विचारलाच गेला नव्हता, कारण तिथल्या सगळ्या जणी आधीच मोठ्या रुग्णालयात होत्या. आपल्याला वेगळी चाचणी हवी, प्राथमिक आरोग्य केंद्रातून सुरू होणारी. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकातच आहे आणि राज्यभरची वैद्यकीय महाविद्यालयं त्याला जोडलेली आहेत. पोटावरचं यंत्र विकायला येईल तेव्हा त्या विद्यापीठाने दोन गोष्टी मागाव्यात. प्रत्येक आईचं हिमोग्लोबिन आकड्याशेजारी नोंदलेलं असावं, आणि चाचणीतल्या पहिल्या शंभर जणींत सुरगाण्याहून घाट ओलांडून आलेल्या बाया असाव्यात.