बंद पडलेलं दूध आणि कॅन्सरची लस

लातूरहून कुर्डुवाडीकडे जाणारी रेल्वे वाटेत बार्शीला थांबते. तिथलं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आपल्याकडे माहीत असतं ते उपचारांसाठी. पण लस टोचून कॅन्सर रोखता येतो, याचा पुरावा उभा करण्यात बार्शीचाही हात आहे, हे किती जणांना ठाऊक असेल? २००९ मध्ये देशातल्या काही केंद्रांत मुलींना एचपीव्हीची लस द्यायला सुरुवात झाली, त्यांतलं एक बार्शी. गर्भाशयमुखाचा कॅन्सर होतो तो याच विषाणूमुळे. दोन डोस पुरतात की तीनच लागतात, एवढंच तपासायचं होतं. २०१० मध्ये दुसऱ्याच एका प्रकल्पावरून वाद पेटला, सरकारने लसीकरण थांबवलं आणि देशभरात जवळपास ५,००० मुली एकाच डोसवर राहिल्या. संशोधक मात्र वर्षानुवर्षं त्यांना तपासत राहिले. निघालं काय? एका डोसनेही त्या विषाणूच्या मुख्य घातक प्रकारांचा शरीरातला ठिय्या ९५ टक्के रोखला!

मग स्तनाच्या कॅन्सरला अशी लस का नाही? कारण तिथे बाहेरचा कुणी शत्रूच नाही. बिघडते ती आपलीच पेशी. काही घराण्यांत तर हा धोका जन्मासोबतच येतो. तुटलेला डीएनए सांधणारं बीआरसीए-१ नावाचं जनुक सदोष असेल, तर तो दोष प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी. तो बापाकडूनही येतो बरं का! म्हणून मावशीइतकीच आत्याच्या आजाराचीही चौकशी करायला हवी. ती हमखास राहून जाते.

आता पेच बघा. आपल्याच पेशीवर तुटून पडायला प्रतिकारशक्तीला शिकवायचं कसं? लातूरच्या मोंढ्यात पोत्यातलं मूठभर सोयाबीन तळहातावर घेऊन व्यापारी आतला माल ओळखतो, तसंच काहीसं शरीरात अहोरात्र चालतं. प्रत्येक पेशी आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडते आणि प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी ते चाचपून पुढे जातात. तुकडा परका वाटला, तर ती पेशी संपवतात. पण कॅन्सरच्या पेशीतला बहुतेक माल आपलाच, ओळखीचा. टी-पेशींना संशय येणार कुठून?

अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमधल्या व्हिन्सेंट टुओही यांना यावर जे सुचलं, त्याने मी थक्क होतो. बाळंतपणाच्या सुमारास स्तनांत अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन नावाचं दुधातलं प्रथिन बनतं. बाळाचं अंगावर पिणं सुटलं, की ते बनणं थांबतं. निरोगी शरीरात ते दुसरीकडे कुठेच बनत नाही. पण ‘ट्रिपल निगेटिव्ह’ या हट्टी कॅन्सरच्या बहुतेक गाठींत ते पुन्हा बनू लागतं, आणि बीआरसीए-१ चा दोष असलेल्या बायकांना बहुधा हाच प्रकार गाठतो. म्हणजे दूध बंद झालेल्या स्तनात हे प्रथिन दिसलं, तर समजावं की काहीतरी बिनसलंय! टुओहींनी टी-पेशींना नेमकी हीच खूण शिकवायचं ठरवलं. २०१० मध्ये उंदरांवरचे निष्कर्ष आले. ही लस दिलेल्या एकाही मादीला गाठ झाली नाही, न दिलेल्या सगळ्यांना झाली.

अर्थात ज्यांना पुढे बाळाला पाजायचं आहे, त्यांच्यासाठी ही लस नाही. टी-पेशी दूध देणाऱ्या निरोगी पेशींवरच धावून जातील.

माणसांवरची पहिली चाचणी ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाली. टुओही २०२३ मध्ये गेले, काम चालू राहिलं. चाचणीतल्या सत्तर टक्क्यांहून जास्त जणींची प्रतिकारशक्ती हे प्रथिन ओळखू लागली. चाचणीत काही निरोगी बायकाही होत्या. जनुकात दोष सापडला म्हणून त्यांनी दोन्ही स्तन आधीच काढून टाकायचं ठरवलं होतं. शस्त्रक्रियेपूर्वी लस घेतली, तर टी-पेशी कुठवर पोचल्या, चांगल्या भागाला धक्का लागला का, हे काढलेल्या स्तनात सूक्ष्मदर्शकाखाली बघता येतं. केवढं मोठं मन!

कॅन्सर खरोखर टळतो का, हे पुढच्या, मोठ्या चाचण्यांतून ठरेल. तोवर असा दोष असलेल्या घरांतल्या बायकांपुढे दोनच मुख्य वाटा आहेत, नियमित एमआरआय किंवा शस्त्रक्रिया. त्याआधी जनुकाची तपासणी हवी, आणि तिच्यासाठी मुंबईच्या टाटा हॉस्पिटलमध्ये सल्ला मिळतो.