खेळाडू, शिस्तभंगाची सुनावणी आणि वकील: गैरसमज व वस्तुस्थिती

खेळाडूवरील शिस्तभंगाची कारवाई साधारणपणे दोन वाटांनी होते. मैदानावरील गैरवर्तन किंवा वयाची खोटी कागदपत्रे यांची चौकशी संबंधित खेळाची संघटना करते. उत्तेजक द्रव्यांची प्रकरणे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजे ‘नाडा’, हाताळते आणि त्यांचा निर्णय शिस्तपालन समिती देते. वाशिम जिल्ह्यातील रिसोड किंवा मानोऱ्याचा मल्ल राष्ट्रीय स्पर्धेत उतरला, की उत्तेजकांबाबतचे हेच नियम त्यालाही लागू होतात. त्याच्या हक्कांविषयी मात्र बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज १: ही खेळातली अंतर्गत बाब आहे, तिथे वकील चालत नाही.

वस्तुस्थिती: जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे ‘वाडा’च्या, नियमांनुसार खेळाडूला स्वखर्चाने वकील देता येतो, पुरावे व साक्षीदार मांडता येतात आणि दुभाषा मागता येतो. वर्तनाच्या प्रकरणांतही वकील उभे राहिले आहेत. जानेवारी २००८ मध्ये सिडनी कसोटीनंतर हरभजनसिंगवर तीन कसोटींची बंदी घातली गेली. न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांच्यापुढील अपिलात त्याची बाजू मांडली ती विदर्भातल्याच वकिलाने, राज्याचे माजी महाधिवक्ता, नागपूरचे व्ही. आर. मनोहर यांनी. बंदी रद्द होऊन शिक्षा सामन्याच्या निम्म्या मानधनाच्या दंडावर आली.

जिल्हा किंवा राज्य संघटनेच्या घटनेत वकिलाचा उल्लेख नसेल, तर हा हक्क आपोआप मिळत नाही. मात्र मुंबई पोर्ट ट्रस्टच्या नाडकर्णी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एक तत्त्व सांगितले आहे: चौकशीत एका बाजूने कायद्याचा जाणकार उभा असताना दुसऱ्या बाजूला वकील नाकारणे नैसर्गिक न्यायाला धरून नाही. ते प्रकरण कर्मचाऱ्याच्या चौकशीचे होते. खेळाडूला त्या तत्त्वाचा आधार घेऊन लेखी मागणी करता येते.

गैरसमज २: ‘नकळत घेतले’ एवढे सांगितले की सुटका होते.

वस्तुस्थिती: नमुन्यात बंदी असलेले द्रव्य सापडले, की नियमभंग सिद्ध होण्यासाठी हेतू पाहावा लागत नाही. हेतू आणि निष्काळजीपणा यांचा विचार शिक्षा ठरवताना होतो. पृथ्वी शॉच्या नमुन्यात २०१९ मध्ये टर्ब्युटालिन सापडले. खोकल्याच्या औषधातून ते नकळत शरीरात गेल्याचे त्याचे म्हणणे क्रिकेट मंडळाने मान्य केले, तरीही आठ महिन्यांची बंदी झाली. औषधाची चिठ्ठी, बिल, बाटली, डॉक्टरांचा जबाब असे पुरावे वेळेत मांडणे हेच वकिलाचे खरे काम असते.

गैरसमज ३: नोटिशीला सवडीने उत्तर दिले तरी चालते.

वस्तुस्थिती: आरोपपत्र मिळाल्यापासून उत्तरासाठी सहसा २० दिवस असतात. मुदतीत आव्हान दिले नाही, तर आरोप मान्य आहे आणि सुनावणीचा हक्क सोडला आहे असे धरले जाते. चार वर्षे किंवा त्याहून अधिक बंदी प्रस्तावित असेल आणि खेळाडूने याच २० दिवसांत नियमभंग व शिक्षा मान्य केली, तर एक वर्ष कमी होते. लढायचे की मान्य करायचे, हा निर्णय जाणकाराचा सल्ला घेऊनच करावा. ‘ब’ नमुना, म्हणजे राखून ठेवलेला दुसरा नमुना, तपासण्याची मागणीही ठरलेल्या मुदतीतच करावी लागते.

गैरसमज ४: पहिल्या सुनावणीत सुटका झाली, की प्रकरण संपले.

वस्तुस्थिती: महाराष्ट्र केसरी नरसिंग यादवला नाडाच्या समितीने १ ऑगस्ट २०१६ रोजी निर्दोष ठरवले. आपल्या खाण्यापिण्यात कुणीतरी द्रव्य मिसळले, हे त्याचे म्हणणे समितीला पटले होते. वाडाने क्रीडा लवादाकडे अपील केले. लवादाला तो घातपात सिद्ध झाल्याचे वाटले नाही आणि रिओतील लढतीच्या आदल्या दिवशी, १८ ऑगस्टला, चार वर्षांची बंदी आली. म्हणून बचावाचा प्रत्येक पुरावा अपिलातही टिकेल असा हवा.

गैरसमज ५: निकाल पटला नाही तर थेट उच्च न्यायालयात जावे.

वस्तुस्थिती: आधी अपील समितीकडे जावे लागते. आंतरराष्ट्रीय पातळीवरील खेळाडूसाठी स्वित्झर्लंडमधील लोझान येथील क्रीडा लवाद आहे. झी टेलिफिल्म्स प्रकरणात (२००५) सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट मंडळासारख्या संस्थांविरुद्ध राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली रिट याचिकेचा मार्ग खुला ठेवला. वाशिमकरांसाठी ती दाद नागपूर खंडपीठाकडे मागावी लागते. मात्र अपिलाचा मार्ग शिल्लक असताना न्यायालय सहसा हस्तक्षेप करत नाही.

गैरसमज ६: वकील फक्त पैसेवाल्या खेळाडूंना परवडतो.

वस्तुस्थिती: ओडिशाची धावपटू द्युती चंद हिच्या वतीने कॅनडातील वकिलांनी लवादापुढे विनामोबदला काम केले आणि २०१५ मध्ये तिला पुन्हा धावता आले. लवादाकडे गरजू खेळाडूंसाठी कायदेशीर मदतनिधीही आहे. आपल्याकडे १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले नागरिक मोफत विधी सेवेला पात्र आहेत. न्यायालय, प्राधिकरण किंवा न्यायाधिकरण यांपुढील कामकाज आणि कायदेशीर सल्ला, दोन्ही त्यात येतात. त्यासाठी वाशिमच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. १५१०० हा मोफत मदत क्रमांकही आहे.

नोटीस हाती पडताच तिच्यावर मिळाल्याची तारीख लिहावी, कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नये, आणि प्रशिक्षक व पालकांनी खेळाडूला त्याच आठवड्यात वकिलापर्यंत पोहोचवावे.