शर्यतीचे बूट : आधी पाय, मग किंमत

महिनोन्महिने पहाटेची झोप सोडून सराव करायचा आणि आदल्या आठवड्यात घेतलेल्या नव्या बुटांमुळे अर्ध्या वाटेत फोड येऊन थांबायचे, अशी वेळ अनेक हौशी धावपटूंवर येते. जानेवारीत होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांनी म्हणूनच बुटांचा निर्णय दोन महिने आधी घेतलेला बरा.

या बाबतीत जुने उदाहरण बोलके आहे. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये नवे बूट पायाला बसेनात, तेव्हा इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने ४२.१९५ किलोमीटरची मॅरेथॉन अनवाणी धावून जिंकली. त्याला अनवाणी धावण्याचा सराव होता. १९६४ मध्ये टोकियोत तोच धावपटू बूट घालून पुन्हा विजेता ठरला. बूट असणे वा नसणे यापेक्षा पायाला सवय कशाची आहे, हे महत्त्वाचे.

बुटाच्या वजनालाही महत्त्व आहे. प्रत्येक बुटाचे वजन १०० ग्रॅमने वाढले, की धावण्यास लागणारी ऊर्जा साधारण १ टक्क्याने वाढते. म्हणून शर्यतीचे बूट सरावाच्या बुटांपेक्षा हलके असतात. २०१७ पासून त्यात जाड, लवचिक फोम आणि कार्बन फायबरची पट्टी यांची भर पडली. कोलोरॅडो विद्यापीठातील चाचणीत अशा बुटांनी सरासरी ४ टक्के ऊर्जा वाचवली. त्यानंतर २०२० मध्ये जागतिक अॅथलेटिक्स संघटनेने रस्त्यावरील शर्यतींसाठी तळव्याची जाडी कमाल ४० मिलिमीटर आणि पट्टी एकच, अशी मर्यादा घातली.

मात्र त्या चाचणीतील १८ जण १० किलोमीटर अंतर सुमारे ३१ मिनिटांत कापणारे होते. वेग कमी असेल तर हा लाभ घटतो. उंच, मऊ तळव्यावर घोटा डगमगू शकतो आणि टाच व चवडा यांच्या उंचीतील फरक कमी असलेल्या बुटांत पोटरीवर ताण वाढतो. चार-पाच तासांत मॅरेथॉन पूर्ण करणाऱ्याला स्थिर, पुरेशी गादी असलेला बूटच अधिक साथ देतो.

खरेदीला संध्याकाळी जावे, कारण दिवसभरात पाय किंचित सुजलेले असतात. धावताना वापरायचेच मोजे घालून दोन्ही पायांतील बूट तपासावेत. दोन्ही पाय सारखे नसतात, म्हणून मोठ्या पायाचे माप धरावे. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, टाच मात्र निसटता कामा नये. दुकानात थोडे धावूनही पाहावे.

त्यानंतर त्याच बुटांत काही वेगवान आणि निदान एक लांब पल्ल्याची धाव घ्यावी. मुंबईच्या दमट हवेत घाम आणि अंगावर ओतलेले पाणी बुटांत उतरते. कुठे घासते, हे तेव्हाच कळते. दुसरीकडे, फार जुने बूटही नकोत. सरावाचे बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटर टिकतात, शर्यतीचे हलके बूट त्याआधीच दबतात.

शर्यतीच्या सकाळी बुटांकडे लक्षच गेले नाही, तर निवड योग्य झाली असे समजावे.