गोळी हाताने भरता येत नाही, मग नेमबाज करतात काय?

ज्यांना पूर्ण भाग ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लेखी रूप. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ काढून टाकलेत, बाकी बरंचसं तसंच ठेवलंय.

विषय आहे रायफलची अचूकता. आमच्या पाथरीकडे नेमबाजी म्हटलं की जत्रेतला फुग्यांचा स्टॉल आठवतो. त्या बंदुकीची माशी वाकडी असते हे सगळ्यांना माहीत असतं. हुशार पोरगं पहिल्या दोन छर्‍यांत बघतं की नेम डावीकडे जातोय, मग उजवीकडे धरून फुगे फोडतं. हे जमतं कारण बंदूक चुकते, पण दर वेळी तेवढीच आणि त्याच बाजूला चुकते. अशी चूक दुरुस्त करणं सोपं आहे. खरी डोकेदुखी वेगळी: प्रत्येक गोळी वेगळ्याच जागी जायला लागली तर धरायचं कुठे? आजचं सगळं बोलणं या दुसऱ्या चुकीबद्दल आहे.

१ ऑगस्ट २०२४ आठवा. पॅरिस ऑलिंपिक, ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सची फायनल. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, रेल्वेत तिकीट तपासनीस, पात्रता फेरीत ५९० गुणांसह सातवा आलेला. फायनलमध्ये त्याने ४५१.४ गुण करून कांस्य घेतलं. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या हेलसिंकीतल्या कांस्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याआधी २०१० मध्ये कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जागतिक विजेतेपद मिळवलं होतं. कोल्हापूरच्या पाण्यात काय आहे हा वेगळ्या भागाचा विषय.

४५१.४ भागिले ४४ गोळ्या म्हणजे सरासरी १०.२६. हा आकडा किती बारीक आहे ते बघा. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलीमीटर असतो आणि गोळी स्वतः ५.६ मिलीमीटर जाडीची. फायनलमध्ये गुण दशांशात मोजतात, जास्तीत जास्त १०.९. गोळी केंद्रापासून ०.८ मिलीमीटर लांब सरकली की ०.१ गुण जातो. ०.८ मिलीमीटर!

आता थोडं फिजिक्स, घाबरू नका, अकरावीचंच आहे. पॉइंट २२ ची मॅच गोळी साधारण २.६ ग्रॅम वजनाची. समजा वाटेत तिचा सरासरी वेग सेकंदाला ३२० मीटर आहे. ५० मीटर जायला तिला ०.१५६ सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात ती सुमारे १२ सेंटीमीटर खाली पडते. साइट लावताना ही घसरण धरलेलीच असते. पण पुढची गोळी ५ मीटर जास्त वेगाने गेली, तर ती ११.६ सेंटीमीटरच पडते. फरक ३.७ मिलीमीटर, म्हणजे जवळजवळ अर्धा गुण. नेमबाजाचा श्वास, ट्रिगर, पोझिशन सगळं परफेक्ट असताना, फक्त काडतुसात दारू जराशी वेगळी जळली म्हणून! पदकं याहून कमी फरकाने हुकतात.

हेच १००० यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरवर नेऊन बघा. तिथे मोठ्या रायफलची गोळी साधारण दीड सेकंद हवेत असते आणि घसरण दहा मीटरच्या आसपास होते. वेगात फक्त १ टक्का फरक पडला तरी टार्गेटवर गोळी साधारण २० सेंटीमीटर वरखाली. अंतर वाढलं की वेगातली तफावत अशी अंगावर येते.

म्हणूनच लांब पल्ल्याचे नेमबाज, विशेषतः अमेरिकेत, काडतुसं स्वतःच्या हाताने भरतात. त्याला हँडलोडिंग म्हणतात. काडतुसाचे चार भाग असतात: पितळी पुंगळी, तिच्या बुडात मधोमध बसणारं प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी. वापरलेली पुंगळी पुन्हा मापात आणतात, नवं प्रायमर लावतात, दारू तोलतात, गोळी ठरावीक खोलीवर बसवतात. दारूचा तराजू ०.१ ग्रेनपर्यंत मोजतो, म्हणजे साडेसहा मिलीग्रॅम. हे करतात ते एकसारखेपणासाठी. पुंगळीच्या गळ्याची पकड, गोळीची खोली, दारूचं वजन, सगळं दर वेळी तेच असेल तर वेगही तोच राहण्याची शक्यता जास्त.

आपल्याकडे मात्र हा घरगुती छंद नाही, आणि तो व्हावा असं मला अजिबात वाटत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा बनवायला परवाना लागतो. तेव्हा यूट्यूब बघून कुणी डोकं चालवू नका. तो गुन्हा आहे आणि जिवावर बेतणारं कामही.

पण खरी गंमत पुढे आहे. कायदा नसता तरी कुसाळेला ती सोय नव्हती. पॉइंट २२ चं काडतूस ‘रिमफायर’ असतं. त्यात वेगळं प्रायमर नसतंच. पेटणारा मसाला पुंगळीच्या बुडाच्या कडेत, म्हणजे रिममध्ये, भरलेला असतो. पिन कडेवर आदळते, कड चेपते, मसाला पेटतो. एकदा चेपलेली कड पुन्हा भरायची सोय नाही. म्हणजे ज्या खेळात ०.८ मिलीमीटरला किंमत आहे, त्याच खेळात गोळी सुधारायचा अधिकार खेळाडूला नाही. कंपनी देईल ते घ्यायचं.

मग करायचं काय? निवडायचं.

कारखान्यात एकाच मशीनवर, एकाच बॅचच्या कच्च्या मालातून बनलेल्या काडतुसांना एक लॉट नंबर मिळतो. लॉट बदलला की वागणूक बदलते, आणि ती सगळ्या रायफलींसाठी सारखी बदलत नाही. तुमच्या नळीला आवडलेला लॉट माझ्या नळीला आवडेलच असं नाही. (हो, नळीची आवड. शास्त्रीय शब्द नाही, पण रेंजवर असंच बोलतात.) म्हणून मोठे नेमबाज आपली रायफल घेऊन उत्पादकांच्या टेस्ट रेंजवर जातात: इलीची इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ, लापुआची जर्मनीत शोनेबेकला. तिथे रायफलची नळी लोखंडी पकडीत घट्ट बसवतात, माणूस बाजूला होतो आणि एकेका लॉटच्या गोळ्या ५० मीटरवर झाडून भोकं किती पसरली ते मोजतात. आवडलेला लॉट मग पेट्याच्या पेट्या विकत घेतात, पुढच्या मोसमासाठी. तो संपला की संपला. पुन्हा तसाच बनत नाही.

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. कारण हे सरळसरळ ए-बी टेस्टिंग आहे, आणि ते चुकीचं करणं फार सोपं आहे.

भारतातल्या रेंजवर बऱ्याचदा काय होतं? हातात पाच-सहा लॉटचे डबे, प्रत्येकाच्या पाच गोळ्या मारायच्या, सगळ्यात लहान ग्रुप आला तो लॉट जिंकला. मी लॅपटॉपवर छोटं सिम्युलेशन चालवलं. वीस लॉट घेतले, सगळे तंतोतंत एकसारखे, आडवा आणि उभा पसारा ३ मिलीमीटर स्टँडर्ड डेव्हिएशन. प्रत्येकाच्या फक्त पाच गोळ्या. सगळ्यात चांगल्या लॉटचा ग्रुप साधारण साडेपाच मिलीमीटर आला, सगळ्यात वाईटाचा चौदाच्या आसपास. फरक अडीच पट! आणि लॉट तर एकच होता. म्हणजे आपण ‘भारी लॉट’ म्हणून जे उचललं ते निव्वळ नशीब. पुढच्या डब्यात तो पुन्हा सरासरीवर येणार आणि नेमबाज म्हणणार, माझीच पोझिशन बिघडली. तिथून पुढे डोक्याचा जो भुगा होतो तो वेगळाच.

दुसरी अडचण मोजण्याच्या पद्धतीत आहे. ग्रुपचा आकार म्हणजे सगळ्यात लांबच्या दोन भोकांमधलं अंतर. दहा गोळ्या मारल्या तरी माहिती दोनच गोळ्यांची वापरली, आठ वाया. त्यापेक्षा ग्रुपच्या मध्यापासून प्रत्येक भोकाचं अंतर काढून सरासरी घ्या. याला मीन रेडियस म्हणतात. पाच गोळ्यांत या आकड्यात वीस-पंचवीस टक्के इकडेतिकडे होतं, चाळीस गोळ्यांत ते ८ टक्क्यांच्या आसपास येतं. चाचणीत चाळीस गोळ्या मारण्यामागचा हिशोब हा आहे.

पण चाळीस गोळ्या गुणिले सहा लॉट म्हणजे २४० गोळ्या, त्याही आयात केलेल्या. कुसाळेच्या वडिलांनी, जे शिक्षक आहेत, पोराच्या गोळ्यांसाठी कर्ज काढल्याचं पदकानंतर बातम्यांत आलं होतं. त्यामुळे ‘अजून डेटा घ्या’ हे सांगणं सोपं आहे, बिल भरणारा वेगळा असतो. माझं मत विचाराल तर कमी पैशांत सहा लॉट अर्धवट तपासण्यापेक्षा दोनच लॉट नीट तपासा. आणि निवडलेला लॉट दुसऱ्या दिवशी पुन्हा वीस गोळ्यांनी तपासा, पहिले आकडे न मिसळता. पहिल्या दिवशीचा विजेता दुसऱ्या दिवशीही पुढे राहिला, तरच पैसे टाका. लॉट बदलताना आधी काही गोळ्या नुसत्या सोडाव्या लागतात, कारण शिशाच्या गोळीला लावलेला मेणकट थर नळीत बसायला वेळ घेतो. त्या मोजू नका.

अजून एक गोष्ट, जी आपल्याकडे जास्त लागू पडते. मॅच गोळी मुद्दाम ध्वनीच्या वेगापेक्षा हळू ठेवलेली असते, कारण तो वेग ओलांडताना-उतरताना गोळी डळमळते. आवाजाचा वेग शून्य अंशाला सेकंदाला ३३१ मीटर, चाळीस अंशाला ३५५. थंड देशात हे अंतर कमी उरतं, मराठवाड्याच्या मे महिन्यात ते भरपूर असतं, पण उन्हात तापलेली दारू जळतेही जोरात. म्हणून जर्मनीत डिसेंबरात निवडलेला लॉट पुण्याच्या बालेवाडीत एप्रिलमध्ये साइट न बदलता चालेल असं धरू नका. डबा उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, एवढं तर नक्कीच.

१० मीटर एअर रायफलवाल्यांनो, तुम्ही सुटला नाहीत. तुमच्या दहाचा व्यास फक्त ०.५ मिलीमीटर आहे आणि तुमच्या छर्‍याच्या डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ अशी डोक्याची मापं छापलेली असतात, ती उगाच नाही. छर्‍याची चाचणी मात्र स्वस्त आहे, त्यामुळे तिथे पाच गोळ्यांवर निकाल लावायला काही सबब नाही.

वाऱ्याबद्दल आज बोललोच नाही. ५० मीटरला झेंड्या का लावतात आणि डावा वारा गोळीला थोडं खालीवरही का नेतो, ते पुढच्या भागात.