टाइप वन डायबिटीस: बोटावरच्या थेंबापासून दंडावरच्या सेन्सरपर्यंत

शुगर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर घरातले दादा-दादी येतात. पन्नाशी ओलांडली, वजन वाढलं, मग डॉक्टरांनी गोळी सुरू केली, असा तो आजार. त्यामुळे आठ-दहा वर्षांच्या मुलाला शुगर निघाली की घरच्यांचा विश्वास बसत नाही. "आमच्या खानदानात कुणालाच नाही, मग याला कशी?" हा पहिला प्रश्न. "मिठाई जास्त खाल्ली म्हणून झालं का?" हा दुसरा. दोन्हींचं उत्तर एकच आहे. हा आजार वेगळा आहे.

पाथरीसारख्या तालुक्याच्या गावात हा फरक माहीत असणं फार गरजेचं आहे. परभणीचं जिल्हा रुग्णालय इथून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर लांब. मुलांच्या डायबिटीसचे तज्ज्ञ गाठायचे तर त्याहूनही पुढे, छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेडला जावं लागतं. तिथे दोन-तीन महिन्यांतून एकदा जाणं होतं. मधले सगळे दिवस मुलाची शुगर घरीच सांभाळायची असते, आणि हे काम बहुतेक घरांत अम्मीच करते. म्हणून ही माहिती आम्ही तिच्यासाठी आणि तिला साथ देणाऱ्या प्रत्येकासाठी देत आहोत.

नेमकं होतं काय?

आपल्या पोटात स्वादुपिंड नावाचा अवयव असतो. त्यातल्या बीटा पेशी इन्सुलिन तयार करतात. जेवणातून आलेली साखर रक्तातून शरीराच्या पेशींमध्ये जाण्यासाठी इन्सुलिन लागतं. टाइप वनमध्ये शरीराची संरक्षण यंत्रणाच चुकून या बीटा पेशी नष्ट करते. इन्सुलिन जवळजवळ बंद होतं. यात आई-वडिलांची चूक नसते, मिठाईचा दोष नसतो आणि नजर लागण्याचा तर काही संबंधच नाही. भारतात अशी हजारो मुलं आहेत.

लक्षणं लवकर दिसतात. सारखी तहान, सारखी लघवी, भरपूर खाऊनही वजन घटणं आणि थकवा ही चार मुख्य. रात्री बिछाना ओला करणं सोडलेलं मूल पुन्हा ओला करू लागतं. लघवीच्या जागी मुंग्या येतात, हेही अनेक घरांत आधी दिसतं. असं काही जाणवलं तर त्याच दिवशी बोटातून शुगर तपासून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे. ते पुढे ढकललं तर रक्तात आम्ल वाढतं, उलट्या होतात, पोट दुखतं, श्वास खोल आणि जोरात चालतो, तोंडाला फळासारखा वास येतो. या अवस्थेला कीटोअॅसिडोसिस म्हणतात आणि त्यात जीव जाऊ शकतो.

इन्सुलिन बंद करायचं नाही

इन्सुलिन सापडण्याआधी टाइप वन झालेलं मूल बहुधा वर्ष-दोन वर्षांत दगावत असे. १९२१ मध्ये कॅनडातल्या टोरांटो इथे फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळं केलं. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा दिलं गेलं आणि तो वाचला. बँटिंग यांचा जन्मदिवस, १४ नोव्हेंबर, आज जागतिक मधुमेह दिन म्हणून पाळला जातो.

आपल्या घरांत एक शंका हमखास निघते. इन्सुलिन डुकरापासून बनतं का? पूर्वी ते गाय आणि डुकराच्या स्वादुपिंडातून काढलं जायचं, हे खरं आहे. पण १९८२ पासून जिवाणू आणि यीस्टच्या मदतीने मानवी इन्सुलिन बनवण्याचं तंत्र बाजारात आलं. आज डॉक्टर लिहून देतात ते ह्यूमन, लिसप्रो, अस्पार्ट किंवा ग्लार्जिन इन्सुलिन याच तंत्राने बनतं. डबीवर नाव लिहिलेलं असतं, तरी शंका असेल तर मेडिकलवाल्याला विचारून मन शांत करून घ्या.

टाइप वनमध्ये गोळ्या, काढा, कारल्याचा रस किंवा जडीबुटी इन्सुलिनची जागा घेऊ शकत नाही. दुआ जरूर करा, पण सोबत दवाही चालू ठेवा. "आमचं औषध सुरू करा आणि इन्सुलिन सोडा" असं कुणी सांगितलं, तर त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका. ताप आला, मूल जेवत नाही, उलट्या होतात, अशा दिवशीही इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नसतं. किती द्यायचं ते डॉक्टरांना फोन करून विचारायचं.

बोटातून तपासणी: साधी पण नेमकी

शुगर मोजण्याचं घरगुती यंत्र म्हणजे ग्लुकोमीटर. बोटाला बारीक सुई टोचून पट्टीवर थेंब घ्यायचा, काही सेकंदांत आकडा येतो. टाइप वनच्या मुलाची दिवसातून निदान चार वेळा तरी तपासणी हवी: तिन्ही जेवणांआधी आणि झोपताना. मधूनमधून पहाटे दोन-तीनच्या सुमारासही बघावं.

काही गोष्टी सांभाळाव्यात. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा, कारण बोटाला आंबा किंवा खजूर लागलेला असेल तर आकडा खोटा वाढतो. बोटाच्या मधोमध टोचू नका, कडेला टोचा, तिथे कमी दुखतं. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावा आणि तारीख बघा. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत जमा करा, उघड्या कचऱ्यात टाकू नका.

दंडावरचा सेन्सर म्हणजे काय?

बोटातला आकडा एखाद्या फोटोसारखा असतो. त्या क्षणी काय होतं ते कळतं, पण शुगर वर चालली आहे की खाली, ते कळत नाही. सीजीएम, म्हणजे सतत शुगर मोजणारं यंत्र, ही उणीव भरून काढतं. दंडाच्या मागच्या बाजूला नाण्याएवढा सेन्सर चिकटवतात. त्याचा केसासारखा बारीक धागा त्वचेखाली राहतो आणि तिथल्या द्रवातली साखर मोजत राहतो. मोबाइल किंवा रीडरवर आकडा आणि सोबत बाण दिसतो. बाण वर म्हणजे शुगर चढते आहे, खाली म्हणजे उतरते आहे. फ्रीस्टाइल लिब्रेसारखा सेन्सर साधारण १४ दिवस चालतो, मग नवीन लावावा लागतो.

हा सेन्सर रक्तातली साखर थेट मोजत नाही. त्यामुळे त्याचा आकडा रक्ताच्या पाच ते पंधरा मिनिटं मागे असू शकतो. मूल सेन्सरच्या अंगावर झोपलं तर दाबामुळे खोटी कमी शुगर दिसू शकते. म्हणून मूल घामाघूम आहे पण आकडा चांगला दिसतोय, किंवा आकडा फार कमी आहे पण मूल मजेत खेळतंय, असं झालं तर बोटातून तपासून खात्री करा. सेन्सर आला तरी ग्लुकोमीटर घरात हवाच.

२०१९ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी ठरवलेलं एक सोपं माप आहे. दिवसाच्या ७० टक्के वेळ, म्हणजे २४ पैकी सुमारे १७ तास, शुगर ७० ते १८० च्या मध्ये असावी. ७० च्या खाली ४ टक्क्यांहून कमी वेळ जावा. प्रत्येक आकडा परीक्षेच्या मार्कांसारखा बघू नका. "आज पुन्हा अडीचशे? काय खाल्लंस?" असं रोज ऐकणारं मूल आकडे लपवायला शिकतं. आकडा पुढे काय करायचं ते सांगण्यासाठी असतो.

आता खर्चाचं. एक सेन्सर चार-पाच हजार रुपयांच्या घरात जातो. महिन्याला दोन. शेतमजुरी किंवा छोट्या दुकानावर चालणाऱ्या घराला हे दर महिन्याला झेपणं कठीण आहे. मग काय करायचं? डॉक्टरांशी बोलून वर्षातून ठरावीक वेळी सेन्सर लावता येतो: डोस बदलताना, तपासणीला जाण्याआधी, रमजानच्या तयारीत. त्या चौदा दिवसांत रात्री शुगर पडते का, कोणत्या जेवणानंतर चढते, हे कळतं. बाकीचे दिवस पट्ट्या आणि वही. पट्टी आणि इन्सुलिन यांत कधीही काटकसर करून सेन्सर घेऊ नका. आणि विकत घेण्याआधी आपला मोबाइल त्या सेन्सरसोबत चालतो का ते बघा. घरातला एकच चांगला फोन अब्बांसोबत दिवसभर बाहेर असेल, तर रीडर घेणं बरं.

उन्हाळा, वीज आणि माठ

परभणी जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत, म्हणजे फ्रिजच्या दारात ठेवायचं. फ्रीझरमध्ये गोठलं तर ते फेकून द्यावं लागतं. वापरात असलेली बाटली किंवा पेन साधारण चार आठवडे बाहेर चालतं, पण थंड जागी. फ्रिज नसेल किंवा वीज तासन् तास जात असेल, तर ओल्या वाळूत ठेवलेला मातीचा माठ कामाला येतो. इन्सुलिन प्लॅस्टिकच्या बंद डब्यात घालून माठात ठेवा, पाणी आत जाऊ देऊ नका. एसटीने परभणीला निघालात तर थंड पिशवी किंवा ओल्या कापडात गुंडाळलेला डबा सोबत ठेवा. गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा डिकीत इन्सुलिन ठेवू नका.

घामामुळे सेन्सर सुटू लागला तर कडेने मेडिकलची टेप लावा. वजूची अडचण नाही, कारण वजूत हात कोपरापर्यंत धुतात आणि सेन्सर कोपराच्या वर असतो. साध्या आंघोळीनेही तो खराब होत नाही. गुस्लबद्दल प्रश्न असेल तर आलिमांना विचारा, आणि उपचारासाठी लावलेली वस्तू आहे हे त्यांना सांगा.

शुगर पडली तर

शुगर ७० च्या खाली गेली, किंवा थरथर, घाम, चिडचिड, डोळ्यांसमोर अंधारी आली, तर तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात द्या. हे साधारण १५ ग्रॅम होतं. फार लहान मुलांना कमी लागतं, तो डोस डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. अजून कमी असेल तर पुन्हा द्या. चॉकलेट किंवा बर्फी देऊ नका, त्यातल्या चरबीमुळे साखर हळू चढते.

मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नाही. कुशीवर झोपवा आणि १०८ ला फोन करा. ग्लुकागॉनचं इंजेक्शन घरी ठेवायचं का, हे डॉक्टरांना विचारून ठेवा.

रोजा आणि शुगर

मूल मोठं झालं की रोजा ठेवायचा हट्ट करतं. कुरआनने आजारी माणसाला सवलत दिली आहे, सूरह बकराच्या १८४ आणि १८५ व्या आयतीत ती आहे. टाइप वन असणाऱ्यांसाठी रोजा जास्त जोखमीचा मानला जातो. गेल्या तीन महिन्यांत शुगर फार पडली असेल, कीटोअॅसिडोसिस झाला असेल किंवा शुगर पडल्याची जाणीवच होत नसेल, तर आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांचा सल्ला रोजा न ठेवण्याचा आहे.

तरीही ठेवायचा असेल तर रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटा. डोस तेच बदलतील. सहरीआधी, सकाळी, दुपारी, इफ्तारआधी आणि इफ्तारनंतर दोन तासांनी शुगर बघा. बोटातून रक्त तपासल्याने रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलेमा सांगतात. शुगर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडायचा. मगरिबला दहाच मिनिटं उरली असतील तरीही. आणि ज्याला रोजा जमत नाही, त्याच्याकडे घरात कुणी कमीपणाने बघू नये.

शाळा, मकतब आणि मोहल्ला

२०२३ मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने राज्यांना पत्र लिहून सांगितलं की टाइप वनच्या मुलांना शाळेत शुगर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावं, मधला खाऊ खाऊ द्यावा. परीक्षेतही सेन्सर अंगावर राहू द्यावा आणि आकडा बघायला मोबाइल लागत असेल तर तो पर्यवेक्षकांकडे ठेवता येईल, असंही त्यात आहे. दहावी-बारावीच्या परीक्षेला महिनाभर आधी डॉक्टरांच्या चिठ्ठीसह मुख्याध्यापकांना अर्ज द्या. मकतबच्या मौलाना साहेबांनाही सांगून ठेवा. सबक चालू असताना मूल खिशातून ग्लुकोज काढून खात असेल, तर ती बेअदबी ठरत नाही.

मदतीसाठी सरकारी रुग्णालयात इन्सुलिनची चौकशी करा. छत्रपती संभाजीनगरला डॉ. अर्चना सारडा यांची 'उडान' ही संस्था मधुमेही मुलांसाठी काम करते. तिथे जायला मानवत रोडवरून रेल्वे आहे. अशा ठिकाणी औषधाइतकीच महत्त्वाची गोष्ट मिळते: आपल्यासारखी दुसरी मुलं आणि त्यांच्या अम्मी भेटतात.

शेवटचं बोलणं मुलींबद्दल. मुलीला टाइप वन निघाला की अनेक घरं तो लपवतात. "पुढे निकाहात अडचण येईल" ही भीती. मग ती दावतीत इंजेक्शन टाळते, मामाच्या गावी पट्ट्या नेत नाही, सेन्सर लावायला नको म्हणते. याची किंमत तिचे डोळे आणि किडन्या मोजतात. नीट शुगर सांभाळणारी मुलगी शिकते, नोकरी करते, संसार करते, डॉक्टरांच्या देखरेखीत आई होते. तिचा आजार लपवून ठेवला तर शुगर पडल्यावर शेजारची खालासुद्धा काय द्यायचं ते सांगू शकणार नाही. म्हणून निदान जवळच्या चार माणसांना सांगा, आणि साखरेचा डबा कुठे ठेवला आहे तेही दाखवून ठेवा.