जुन्या बास गिटारीचे मोल कसे ठरते

कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे लिओ फेंडर यांच्या कारखान्यात १९६० साली जॅझ बास या नावाची गिटार तयार होऊ लागली, तेव्हा तिची किंमत सुमारे २८० डॉलर होती. पहिल्या दोन वर्षांतील, मूळ स्थितीत टिकलेली जॅझ बास आज पाच आकडी डॉलरमध्ये विकली जाते. मात्र त्याच वर्षी, त्याच कारखान्यात तयार झालेल्या आणि लांबून अगदी तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या एखाद्या गिटारीला निम्मी किंमतही मिळत नाही. लाकूड तेच, कारागीर तेच आणि वयही तेवढेच असताना ही तफावत का पडते, याचे उत्तर शोधताना एक गोष्ट स्पष्ट होते. केवळ जुनेपणाला फारशी किंमत नाही. वाद्य कारखान्यातून निघाले तसेच आजवर राहिले आहे, ही गोष्ट पुराव्यानिशी दाखवता आली तर तिला किंमत आहे आणि मूल्यांकन करणाऱ्याचे बहुतेक श्रम हा पुरावा तपासण्यातच खर्ची पडतात.

बास गिटार म्हणजे जाड तारांची, मंद्र स्वरांसाठी केलेली गिटार. तिच्यापूर्वी वाद्यवृंदात हे काम उभ्याने वाजवायचा, माणसाच्या उंचीचा डबल बास करीत असे आणि तो वाहून नेणे जिकिरीचे होते. फेंडर यांनी १९५१ साली प्रिसिजन बास बाजारात आणली आणि सुमारे ८६ सेंटिमीटर लांबीच्या तारा असलेले, विजेवर चालणारे आणि खांद्याला अडकवून वाजवता येणारे हे वाद्य थोड्याच वर्षांत रूढ झाले. जॅझ बास ही तिची धाकटी बहीण. तिची मान खुंट्यांच्या बाजूला जेमतेम ३८ मिलिमीटर रुंद आहे आणि तारांची कंपने विद्युत्‌संकेतात बदलणारे पिकअप एकाऐवजी दोन आहेत. १९६० पासून १९६२ च्या आरंभापर्यंतच्या जॅझ बासवर एकावर एक बसवलेल्या बटणांच्या दोन जोड्या होत्या आणि प्रत्येक पिकअपचा आवाज व नाद वेगवेगळा कमीजास्त करता येत असे. पुढे त्यांच्या जागी तीन साधी बटणे आली. संग्राहक ज्या बाससाठी सर्वाधिक पैसे मोजतात, त्यांत या दुहेरी बटणांच्या बासचे स्थान वरचे आहे. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या प्रसारण कंपनीने फेंडर कंपनी १ कोटी ३० लाख डॉलरना विकत घेतली आणि त्या व्यवहाराच्या आधीची व नंतरची वाद्ये अशी बाजाराने केलेली विभागणी आजतागायत कायम आहे. सीबीएसच्या काळातही अनेक उत्तम वाद्ये निर्माण झाली, त्यामुळे ही सीमारेषा थोडी अन्यायकारक आहे, परंतु किंमत ठरवणाऱ्याला तिच्याकडे डोळेझाक करता येत नाही.

मूल्यांकनाची पहिली पायरी कालनिश्चितीची असते. धड आणि मान जोडणाऱ्या धातूच्या चकतीवर अनुक्रमांक असतो, परंतु या चकत्या कारखान्यातील पेटीतून हाताला येतील तशा लावल्या जात असल्यामुळे केवळ अनुक्रमांकावरून अचूक वर्ष सांगता येत नाही. शिवाय चकती चार स्क्रूंवर बसलेली असते, म्हणजेच ती सहज बदलता येते. अधिक भरवशाचा पुरावा मानेच्या टोकाशी, धडाच्या खाचेत दडलेल्या भागावर सापडतो. तेथे १९६२ च्या आरंभापर्यंत पेन्सिलीने तारीख लिहिली जाई आणि त्यानंतर शाईचा शिक्का मारला जाऊ लागला. या शिक्क्यातील पहिला आकडा वाद्याचा प्रकार सांगतो, मध्ये महिना व वर्ष येते आणि शेवटचे अक्षर मानेची रुंदी दाखवते. १९६२ च्या नोव्हेंबरमधील जॅझ बासच्या मानेवर म्हणूनच ७, त्यापुढे नोव्हेंबर ६२ आणि शेवटी अरुंद मानेचे ए हे अक्षर अपेक्षित असते. सातच्या जागी पाच आढळला तर ती मान प्रिसिजन बासची ठरते. याच टोकाकडून पाहिले असता बोटे टेकवायच्या रोझवुडच्या पट्टीचा छेदही दिसतो. १९६२ च्या मध्यापर्यंत ही पट्टी जाड आणि खालून सपाट असे, नंतर ती पातळ व खालून वक्र झाली, त्यामुळे १९६१ ची म्हणून सांगितलेल्या गिटारीवर पातळ, वक्र पट्टी निघाली तर कुठेतरी पाणी मुरते आहे हे तत्काळ समजते.

कालनिश्चितीचा तिसरा आधार विद्युत्‌भागांत असतो. आवाज कमीजास्त करणाऱ्या पोटेन्शिओमीटरच्या धातूच्या कवचावर उमटवलेल्या अंकांपैकी पहिले तीन उत्पादकाचे असतात, स्टॅकपोल कंपनीसाठी ३०४ आणि सीटीएससाठी १३७, तर त्यापुढील अंकांत वर्ष व आठवडा दिलेला असतो. ३०४ ६१ ४२ याचा अर्थ स्टॅकपोलने १९६१ च्या बेचाळिसाव्या आठवड्यात तयार केलेला भाग. मात्र हा पुरावा एकाच दिशेने चालतो. गिटार या तारखेच्या आधीची नाही एवढेच त्यावरून सिद्ध होते, कारण भाग महिनोन्‌महिने पडून राहत. फेंडरने १९६६ मध्ये घेतलेला मोठा साठा तर पुढे काही वर्षे पुरला. मानेवरची तारीख, भागांवरचे अंक, अनुक्रमांक आणि बांधणीची वैशिष्ट्ये ही सर्व एकमेकांशी काही महिन्यांच्या अंतराने जुळली म्हणजेच कालनिश्चिती पक्की झाली असे मानतात.

यानंतर रंगलेपाची तपासणी येते आणि मोठी रक्कम याच ठिकाणी हाती लागते किंवा हातची जाते. त्या काळात फेंडरच्या वाद्यांवर मुख्यतः नायट्रोसेल्युलोज लॅकरचा थर असे. हे लॅकर कालांतराने पिवळसर होते, थंडी-उष्णतेने त्याला बारीक चिरा जातात आणि जिथे वादकाचा हात घासतो तिथे ते झिजून लाकूड उघडे पडते. नवख्या मालकाला हे सारे विद्रूप वाटते व तो वाद्य नव्याने रंगवून घेतो. जुने नाणे चिंचेने घासून लख्ख केले की नाणेसंग्राहकाच्या लेखी त्याची किंमत उतरते, तसेच येथे घडते, आणि मूळ लॅकर गेलेल्या गिटारीची किंमत साधारणपणे निम्मी धरण्याचा ठोकताळा या व्यापारात सर्वमान्य आहे. पुन्हा रंगवलेले धड ओळखण्याची एक खात्रीची खूण कारखान्याच्या कार्यपद्धतीनेच मागे ठेवली आहे. १९६४ पर्यंत रंगकाम करताना धडात बारीक खिळे ठोकून त्यांच्यावर ते टेकवत आणि रंग वाळल्यावर खिळे उपटून काढत, त्यामुळे धडाच्या समोरच्या बाजूवरील प्लास्टिकच्या पत्र्याखाली खिळ्यांची छिद्रे सापडतात व त्यांच्या आत कोरे लाकूड दिसते. छिद्रात रंग उतरलेला असेल तर तो नंतर कोणीतरी दिलेला आहे, आणि छिद्रेच नसतील तर धड खोलवर घासले गेले आहे किंवा ते त्या काळचे नाही. त्याशिवाय अतिनील दिव्याखाली जुने लॅकर हिरवट-पिवळे चमकते आणि नव्याने केलेली डागडुजी वेगळ्या छटेत उठून दिसते.

रंगाची छटाही महत्त्वाची असते. पिवळ्यापासून कडेच्या काळ्यापर्यंत गडद होत जाणारी सनबर्स्ट ही नेहमीची छटा होती, परंतु पाच टक्के जास्त दर दिला की ड्यूपाँ कंपनीच्या मोटारींसाठीच्या रंगांतून फिएस्टा रेड, सर्फ ग्रीन, लेक प्लॅसिड ब्ल्यू असे रंग मागवता येत. तेव्हा फार थोड्यांनी ते मागवले आणि म्हणूनच आज मूळ फिएस्टा रेड जॅझ बासला सनबर्स्टपेक्षा पुष्कळ अधिक भाव मिळतो. फसवणुकीचे प्रमाणही अर्थातच या रंगांतच सर्वाधिक आहे.

सुट्या भागांच्या बाबतीत जाणकार सर्वप्रथम सोल्डरचे सांधे पाहतात. सहा दशकांपूर्वीचा, कोणी न छेडलेला सांधा निस्तेज व एकसंध दिसतो, कापडी वेष्टनाच्या तारा त्यात घट्ट रुतलेल्या असतात. पुन्हा तापवलेल्या सांध्यावर ताजी चकाकी किंवा रोझिनचे डाग राहतात, आणि मग पिकअप बदलला किंवा दुरुस्त केला गेला काय, हा प्रश्न उभा राहतो. घोडी म्हणजे ब्रिज, खुंट्या, घोडीवरचे क्रोमचे झाकण आणि मूळ पेटी या प्रत्येकाचे स्वतंत्र मोल असते. पडदे म्हणजे फ्रेट मात्र वाजवून झिजणारच हे बाजाराला मान्य असल्याने ते नीट बदललेले असतील तर किंमत फारशी घटत नाही, ही या कठोर व्यवहारातील समंजस सवलत म्हटली पाहिजे. फेंडरने १९८२ पासून स्वतःच १९६२ च्या नमुन्याच्या प्रतिकृती काढल्या असून त्यांचे भाग जुन्या धडांवर चढवलेल्या गिटारी बाजारात फिरतात, म्हणून वाद्य न उघडता केलेले मूल्यांकन ग्राह्य धरू नये.

या सर्व नियमांना एकच गोष्ट बाजूला सारते, ती म्हणजे वाद्याचा सिद्ध झालेला इतिहास. रोलिंग स्टोन्सचे बिल वायमन यांची १९६९ ची फेंडर मस्टँग बास २०२० साली लिलावात ३ लाख ८४ हजार डॉलरना गेली. मस्टँग हे आखूड तारांचे, मुख्यतः शिकाऊंसाठी केलेले स्वस्त वाद्य होते. बासवादक जाको पास्तोरियस यांच्या १९६२ च्या जॅझ बासचे फ्रेट काढून खाचा बुजवलेल्या होत्या, पट्टीवर इपॉक्सीचा थर होता आणि तिचे तुकडे होऊन ती पुन्हा जोडली गेली होती, म्हणजे संग्राहकाच्या निकषांवर ती जवळजवळ निकामीच ठरावी. परंतु बास वादनाची भाषाच त्या वाद्यावर बदलली. १९८६ मध्ये ती चोरीला गेली, सुमारे दोन दशकांनी पुन्हा प्रकट झाली आणि २०१० मध्ये मेटॅलिकाचे रॉबर्ट त्रुहियो यांच्या साहाय्याने ती कुटुंबाकडे परतली. पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ मध्ये हँबुर्गला सुमारे ३० पौंडांना घेतलेली हॉफ्नर बास १९७२ मध्ये चोरीस गेली होती; ती परत मिळाल्याचे २०२४ च्या फेब्रुवारीत जाहीर झाले, ते हॉफ्नर कंपनीने तिची ओळख पटवल्यानंतरच. छायाचित्रातील लाकडाच्या रेषा, ओरखडे, बदललेले भाग आणि खरेदीची कागदपत्रे यांचा मेळ बसल्याशिवाय ‘अमुक वादकाची गिटार’ या म्हणण्याला छदामाची किंमत नसते.

प्रत्यक्ष आकडा ठरवताना मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत फरक करावा लागतो. विक्रेत्याने लावलेला भाव वर्षभर तसाच लटकत राहू शकतो, म्हणून त्याच वर्षाच्या, त्याच रंगाच्या आणि तशाच स्थितीतील वाद्यांचे पूर्ण झालेले व्यवहार हाच खरा आधार असतो. विम्यासाठीचा आकडा तसेच वाद्य पुन्हा मिळवायला लागणाऱ्या रकमेएवढा, म्हणजे सर्वांत मोठा असतो. दोन खासगी व्यक्तींमधील व्यवहाराचा त्याहून कमी. आणि दुकानदार विकत घेताना देतो तो सर्वांत लहान, कारण त्याला भांडवल अडकवून वाट पाहायची असते. ‘ही गिटार कितीची’ या प्रश्नाला एकच उत्तर देणाऱ्या तज्ज्ञावर विसंबू नये.

देशाबाहेर विक्री करायची असल्यास लाकडाचाही विचार करावा लागतो. ब्राझिलियन रोझवुड १९९२ पासून साइट्स या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे आणि त्या लाकडाची पट्टी असलेले वाद्य सीमेपार नेण्यासाठी ते बंदीपूर्वीचे असल्याचे प्रमाणपत्र लागते. सह्याद्रीत वाढणारे शिसव, ज्याला जग भारतीय रोझवुड म्हणते, तेही २०१७ मध्ये दुसऱ्या परिशिष्टात आले. तयार वाद्यांना मात्र २०१९ मध्ये सूट मिळाली.

मुंबईच्या चित्रपटसंगीतात १९६० आणि ७० च्या दशकांत बास गिटार रुळली. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदातील टोनी वाझ यांची बास आजही रसिकांच्या कानांत आहे. त्या काळातील वादकांची वाद्ये मुंबईत आणि गोव्यात कुणाच्या घरात माळ्यावर असतील, तर त्यांच्या वारसांनी ती रंगवून किंवा ‘नीट करून’ घेऊ नयेत, निघालेला एखादा स्क्रू किंवा फाटकी पेटीदेखील टाकून देऊ नये, कोरड्या फडक्याने धूळ पुसावी आणि वाद्य उघडून तपासणाऱ्या जाणकारालाच ते आधी दाखवावे.