साठ लाखांची मोजदाद

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीतील नाझी राजवटीने युरोपातील ज्यू लोकांचा पद्धतशीर संहार केला. त्यात सुमारे ६० लाख माणसे मारली गेली, असे इतिहासाचे ग्रंथ सांगतात. हा आकडा काढला कसा? मारणाऱ्यांनी प्रेते जाळली होती आणि पराभव दिसू लागताच पुष्कळ दप्तरेही नष्ट केली होती. ऑश्विट्झच्या छावणीत तर आगगाडीतून उतरलेल्या बहुतेक ज्यूंना थेट विषारी वायूच्या कोठड्यांकडे नेत. त्यांची नावे कोणत्याही वहीत लिहिली जात नसत.

अशा वेळी पहिला आधार खानेसुमारीचा. पोलंडचे उदाहरण घ्या. १९३९ मध्ये तेथे सुमारे ३३ लाख ज्यू राहत होते. युद्धानंतर जे जिवंत आढळले, त्यांची संख्या यातून वजा करावयाची. पण ही वजाबाकी दिसते तितकी सोपी नाही. कित्येक लोक सोव्हिएत रशियात निघून गेले होते, कित्येक समुद्रापार गेले होते. देशांच्या सीमाही बदलल्या होत्या. या सर्वांचा हिशेब केला, तरी सुमारे ३० लाख माणसांचा पत्ता लागत नाही.

दुसरा आधार खुद्द मारेकऱ्यांच्या कागदपत्रांचा; कारण सगळीच दप्तरे काही जळाली नाहीत. सप्टेंबर १९४१ मध्ये कीव्ह शहराजवळील बाबी यार नावाच्या घळीत दोन दिवसांत ३३,७७१ ज्यूंना गोळ्या घालण्यात आल्या. हा आकडा मारणाऱ्या पथकाच्याच अहवालातील आहे. धान्याची पोती मोजावीत, तसा तो लिहिलेला आहे!

अभ्यासाने आकडे दुरुस्तही होतात. ऑश्विट्झमध्ये ४० लाख माणसे मेली, असे सोव्हिएत चौकशी समितीने १९४५ मध्ये जाहीर केले होते. पुढे पोलंडचे इतिहासकार फ्रान्सिशेक पिपर यांनी तेथे आलेल्या गाड्यांचा हिशेब तपासला. तेव्हा ती संख्या सुमारे ११ लाख ठरली. त्यांपैकी सुमारे १० लाख ज्यू होते. मग ६० लाखांचा आकडाही खोटाच, असा कांगावा काही लोक करतात. तो टिकणारा नाही. इतिहासकारांनी केलेली ६० लाखांची बेरीज त्या ४० लाखांवर उभीच नव्हती. ती देशोदेशींच्या लोकसंख्येवरून केलेली होती. अभ्यासकांत मतभेद आहेत, नाहीत असे नव्हे. राउल हिलबर्ग यांनी ५१ लाख धरले, इतर काहींनी ६० लाखांहून थोडे अधिक.

जेरुसलेम येथील याद वाशेम ही संस्था मृतांची नावे गोळा करते. आप्त किंवा शेजारी एकेका माणसासाठी एकेक पत्रक भरून देतात. जुन्या याद्या आणि अशी पत्रके मिळून आजवर ४८ लाखांहून अधिक नावे जमली आहेत. काही गावांत मात्र कुटुंबेच्या कुटुंबे शेजाऱ्यांसह नाहीशी झाली. तेथील तान्ह्या मुलांची नावे सांगणारे कोणीच मागे उरले नाही.